मिंडेनची वेव्ह: आधी तयारी, मग तारीख

वेव्हच्या, म्हणजे डोंगररांगेपलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटेत ग्लायडर उडवायच्या ट्रिपचं प्लॅनिंग करायला बसलं की पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते, जायचं कधी? सुट्टीला तारीख लागते, हॉटेलला तारीख लागते, आणि वेव्हला लागतो वारा, जो तीन-चार दिवस आधीपर्यंत नीट काही कळू देत नाही. मी गेल्या हिवाळ्यात नेवाडातल्या मिंडेनला ग्लायडरमधून वेव्ह फ्लाय करायला जाऊन आले. तयारी कशी केली ते जरा सविस्तर लिहितेय, कारण मला मराठीत याबद्दल वाचायला काहीच मिळालं नव्हतं आणि इथे अमेरिकेत ग्लायडिंग शिकणारी किंवा शिकायचं मनात असणारी आपली मंडळी बरीच भेटतात.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्लायडरला इंजिन नसतं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला विंचने (जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर खेचताना पुण्याच्या लोकांनी पाहिलं असेल, इथे बहुतेक ठिकाणी छोटं टो प्लेन दोराने ओढत नेतं, दोर सोडला की पुढचं सगळं हवेच्या भरवशावर. उन्हाळ्यात थर्मल असतात, तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा, तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची. वेव्हचं गणित वेगळं. जोराचा वारा डोंगररांगेवर आडवा येतो, रांग ओलांडून पलीकडे खाली उतरतो, आणि हवेचा थर स्थिर असेल तर तो खाली जाऊन उसळी मारतो, परत खाली, परत वर, अशा लाटा रांगेच्या पलीकडे दूरपर्यंत तयार होतात. लाट जागच्या जागी राहते, हवा तिच्यातून वाहत जाते. त्या लाटेच्या चढत्या बाजूत वाऱ्याकडे नाक करून थांबायचं आणि चढत राहायचं, डोंगराच्या उंचीच्या कितीतरी वर.

आणि हे सगळं वाळवंटात का, तर सिएरा नेवाडाची रांग आपल्या सह्याद्रीचंच काम करते. पॅसिफिकवरून येणारा दमट वारा पश्चिमेच्या उतारावर पाऊस आणि बर्फ टाकून मोकळा होतो आणि पूर्वेला उतरताना कोरडा ठणठणीत होतो, महाबळेश्वर आणि माण-दहिवडीत जो फरक तोच लेक टाहोच्या पश्चिमेला आणि मिंडेन आहे त्या कार्सन व्हॅलीत. म्हणजे ज्या वाऱ्याने तिथे वाळवंट केलं तोच वारा वेव्ह तयार करतो. खाली सेजब्रशची खुरटी झुडपं, वर मोकळं आकाश आणि त्यात फक्त लाटेने तयार केलेले ढग, त्यामुळे लाट कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

या भागाला इतिहासही तसाच आहे. १९५१-५२ मध्ये जोआखिम क्युटनर यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातल्या बिशप गावातून सिएरा वेव्ह प्रोजेक्ट हा या लाटांचा अभ्यास झाला, त्यात मार्च १९५२ मध्ये लॅरी एडगर आणि हॅरल्ड क्लिफर्थ ४४,२५५ फुटांवर गेले. तेही केबिनमध्ये प्रेशर नसलेल्या जुन्या ग्लायडरमध्ये! पुढे १९५५ मध्ये याच एडगरांचं ग्लायडर रोटरमध्ये सापडून हवेतच तुटलं आणि ते पॅराशूटने वाचले. रोटर म्हणजे लाटेच्या पोटाखाली घुसळणारी हवा. आमच्या क्लबमधले एक जुने पायलट आहेत, वेव्हमध्ये आयुष्य गेलंय त्यांचं, त्यांनी मला पहिल्या दिवशी विमानाचं काही न सांगता ही एडगरांची गोष्ट सांगितली होती आणि म्हणाले होते की आता घरी जाऊन विचार कर. मी केला. विचार करूनच गेले.

जागा ठरवताना दोन नावं होती. बिशप ज्या दरीत आहे त्या ओवेन्स व्हॅलीमध्ये लाट सगळ्यात जबरदस्त, माउंट व्हिटनी १४,५०० फुटांच्या आसपास आणि दरीचा तळ ४,००० च्या आसपास, म्हणजे हवा दहा हजार फूट खाली कोसळते. पण रोटरही तसाच आणि माझ्यासारख्या नवख्या माणसाला तिथे टो, इन्स्ट्रक्टर, भाड्याचं ग्लायडर, ऑक्सिजन भरून देणारा माणूस हे सगळं एका जागी मिळणं कठीण. मिंडेनला हे सगळं आहे. एअरपोर्ट ४,७०० फुटांवर, पश्चिमेला लगेच कार्सन रेंजची भिंत, त्यात जॉब्स पीक, फ्रील पीक दहा हजारांच्या वर, पूर्वेला पाइन नट डोंगर. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून गाडीने चार-साडेचार तासांत पोचता येतं, आणि ट्रिप अचानक निघणार असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. पर्लान नावाचं जे प्रेशराइझ्ड ग्लायडर २०१८ मध्ये अर्जेंटिनात ७६,००० फुटांच्या वर गेलं त्याच्या काही टेस्ट फ्लाइट्ससुद्धा मिंडेनहून झाल्या होत्या.

तर तारीख. मी तारीख ठरवलीच नाही, तयारी ठरवली. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ मोकळा ठेवायचा, बॅग भरून ठेवायची, आणि फोरकास्ट जमलं की निघायचं. ऑफिसमध्ये मॅनेजरला आधीच सांगून ठेवलं की दोन-तीन दिवसांची सुट्टी अगदी आयत्या वेळी मागेन, त्या बदल्यात ख्रिसमसच्या आठवड्यात मी कव्हर करते. मिंडेनला लागूनच्या गार्डनरव्हिलमधलं एक मोटेल शोधलं जे आदल्या दिवशी कॅन्सल केलं तरी पैसे परत देतं. नवरा म्हणाला, "तू फक्त सांग, गाडी मी चालवतो, तू झोप." फ्लायच्या आधीची झोप हा प्लॅनिंगचाच भाग आहे हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.

फोरकास्टमध्ये काय बघायचं? डोंगरमाथ्याच्या उंचीवर वारा २५ नॉट (ताशी सुमारे ४६ किलोमीटर) किंवा जास्त, रांगेला शक्य तितका आडवा, इथे म्हणजे पश्चिम ते नैऋत्य, आणि उंचीबरोबर वेग वाढत गेला पाहिजे, दिशा मात्र फार बदलता कामा नये. माथ्याच्या जवळपास एक स्थिर थर हवा, आणि ओलावा बेताचा. जवळच्या रीनो शहरातून दिवसातून दोनदा हवामानाचा फुगा सोडतात त्याचे आकडे मी रोज सकाळी चहाबरोबर बघायचे. सुरुवातीला तो आलेख म्हणजे नुसत्या तिरक्या रेघा वाटतात पण रोज बघितलं आणि त्या दिवशी मिंडेनला काय झालं ते विचारून ताडून पाहिलं की महिन्याभरात डोळा बसतो. स्कायसाइटसारखी अ‍ॅप्स वेव्हचा रंगीत नकाशा देतात आणि तो उत्तम असतो, पण माझं स्पष्ट मत आहे की नकाशा बघण्याआधी साउंडिंग, म्हणजे फुग्याचे ते आकडे, वाचायला शिका, म्हणजे नकाशा असा का दिसतोय ते कळतं.

बहुतेक वेळा सगळ्यात चांगली वेव्ह फ्रंट (पाऊस-बर्फ आणणारा वादळी हवेचा पट्टा) यायच्या आदल्या दिवशी मिळते, वारा वाढत असतो आणि ओलावा अजून पोचलेला नसतो. म्हणजे चांगला दिवस आणि वाईट दिवस एकमेकांना चिकटून येतात. परतीच्या रस्त्याचा विचार त्यामुळे जातानाच करावा लागतो, कारण फ्रंट आला की हायवे ५० आणि किंग्जबरी ग्रेड या दोन्ही घाटरस्त्यांवर बर्फ आणि टायरला चेन सक्तीची. चेन गाडीत ठेवा, आणि लावायची प्रॅक्टिस घरी ड्राइव्हवेमध्ये करून जा.

आता टार्गेटचं गणित, कारण त्यावर बाकीचं सामान ठरतं. गोल्ड बॅज हा ग्लायडिंगमधला एक मानाचा टप्पा, त्यासाठी ३,००० मीटर उंची मिळवायची असते, म्हणजे साधारण ९,८५० फूट, टो सोडल्यानंतरच्या सगळ्यात खालच्या बिंदूपासून मोजून. समजा ७,००० फुटांवर तो बिंदू आला तर १६,८५० ला काम झालं. अमेरिकेत १८,००० फुटांपासून क्लास ए सुरू होतो, म्हणजे मोठ्या विमानांची हवाई हद्द, तिथे एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) परवानगीशिवाय जाता येत नाही. मिंडेनला त्यासाठी वेव्ह विंडो आहेत, म्हणजे आधीच्या कराराप्रमाणे ग्लायडरसाठी मागून उघडून घ्यायचे आकाशाचे ठरलेले तुकडे. पण त्याच्या पुढच्या डायमंड बॅजला ५,००० मीटर लागतात, म्हणजे १६,४०० फूट, म्हणजे २३,००० च्या वर जावंच लागणार, म्हणजे विंडो आलीच, नाकातल्या नळीऐवजी मास्क आला, थंडी अजून वाढली. मी ठरवलं की या खेपेला १७,५०० च्या वर जायचंच नाही. एक फ्लाइट इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि हवामान टिकलं तर दुसऱ्या दिवशी सिंगल सीटरमध्ये गोल्डचा प्रयत्न, कारण बॅजची फ्लाइट एकट्यानेच करावी लागते.

ऑक्सिजनवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवावाच. नियम असा की केबिनची उंची १२,५०० ते १४,००० फुटांमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल तर पायलटने ऑक्सिजन वापरायचा, आणि १४,००० च्या वर पूर्ण वेळ. मी १०,००० पासूनच लावायचं ठरवलं. १८,००० पर्यंत कॅन्युला, म्हणजे नाकातली नळी, चालते. माझ्याकडे श्वास घेतला की तेवढाच ऑक्सिजन सोडणारी सिस्टिम आहे, त्यामुळे छोटा सिलिंडरही बराच टिकतो, फक्त नाकाने श्वास घ्यायची सवय पाहिजे आणि बोलताना ती सवय मोडते. म्हणून घरी स्वयंपाक करताना कॅन्युला लावून बसायचे! कांदा चिरताना, फोनवर बोलताना. आई व्हिडिओ कॉलवर पाहून घाबरली, तिला वाटलं मला काही झालंय, तिला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "एवढ्या थंडीत एवढ्या उंच जायचं, तर डोक्याला लोकरीचं काहीतरी घाल गं, कान झाक." तो सल्ला मी तंतोतंत पाळला.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्या, पण दोन गोष्टी. नेलपॉलिश काढून टाका, आणि बोट गार पडलं की रीडिंग भरवशाचं राहत नाही, त्यामुळे त्या हाताला उबदार ग्लव्ह हवा. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, जास्तीच्या बॅटऱ्या शर्टच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा.

याच्याही आधी एक गोष्ट केली जी मी प्रत्येकाला करायला सांगेन. एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा) एक छोटा तंबूसारखा कक्ष असतो, त्यात ऑक्सिजन कमी करून २५,००० फुटांसारखी स्थिती तयार करतात, तो एका सेफ्टी कार्यक्रमाला आला होता तिथे मी नाव नोंदवलं. आत बसून कागदावर सोपी वजाबाकी करायची असते. तीन-चार गणितं झाली आणि मला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या, आणि मग एकदम फार छान वाटायला लागलं, सगळं मस्त चाललंय, गणितं पटापट सुटतायत. बाहेर आल्यावर कागद पाहिला तर शेवटच्या दोन ओळी वाचताही येत नव्हत्या. हायपॉक्सियाची, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याची, लक्षणं प्रत्येकाची वेगळी असतात, माझी मला कळली, गरम कान आणि विनाकारण आनंद. त्या दिवसापासून मी सगळे निर्णय जमिनीवर घेऊन लिहून ठेवायला लागले, कारण ज्या डोक्याने वर निर्णय घ्यायचा तेच डोकं तिथे सगळ्यात आधी बिघडतं.

ती यादी गुडघ्यावरच्या पॅडला लावली होती. ऑक्सिमीटर ९० च्या खाली आणि एका मिनिटात सुधारत नाही, तर खाली. कान गरम, तर खाली, कारण शोधत बसायचं नाही. डोंगरावरचा टोपीसारखा कॅप क्लाउड आणि लाटेचा ढग यांच्यातली मोकळी फट अर्धी झाली, तर खाली, कारण ती फट मिटली तर ढगाच्या वर अडकून पडायला होतं. टोवर दोर दुसऱ्यांदा हाताबाहेर सैल झाला तर सोडायचा आणि परत यायचं. खाली उतरायला दुपारी तीनची वेळ. इन्स्ट्रक्टरना ती यादी दाखवली तर त्यांनी एकच ओळ वाढवली, पाय बधिर झाले तर खाली.

ट्रान्सपॉन्डरबद्दल (रडारला आणि इतर विमानांना आपण कुठे आहोत ते कळवणारं यंत्र) तडजोड करू नका. रीनोची मोठी विमानं याच हवेतून उतरतात. २८ ऑगस्ट २००६ ला मिंडेनजवळ १६,००० फुटांवर एक बिझनेस जेट आणि एक ग्लायडर धडकले होते, ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता पण बॅटरी वाचवण्यासाठी बंद ठेवलेला. ग्लायडर पायलट पॅराशूटने उतरला, जेट कार्सन सिटीला कसंबसं उतरलं, सगळे वाचले हे नशीब. मी ग्लायडर बुक करताना पहिला प्रश्न हाच विचारला, चालू ट्रान्सपॉन्डर आहे ना आणि बॅटरी किती तास पुरते.

कपड्यांचं फार लिहीत नाही. १८,००० फुटांवर स्टँडर्ड तापमान उणे २० सेल्सिअस, कॉकपिटमध्ये ऊन डोक्यावर आणि पाय मात्र सावलीत, त्यामुळे डोकं तापतं आणि पाय गोठतात. एक साइझ मोठे बूट, आत लोकरीचे मोजे, आणि कपडे असे की बसल्या बसल्या वरची चेन उघडता येईल. लघवीची सोय आधी जमिनीवर बसून करून बघा, विशेषतः बायकांनी, पाणी कमी पिणं हा त्यावर उपाय नाही, डिहायड्रेशनने उंचीवर अजून त्रास होतो.

मार्चमध्ये एका सोमवारी आकडे जुळायला लागले. बुधवारी फ्रंट, मंगळवारी माथ्यावर ४० नॉट, १८,००० ला ६०, दिशा जवळजवळ सरळ पश्चिम-नैऋत्य. दुपारी ऑफिसला कळवलं, संध्याकाळी निघालो, मी खरंच झोपले, रात्री मोटेलला पोचलो. सकाळी उठून पडदा सरकवला तर जॉब्स पीकवर पांढरा ढग माथ्यावरून अलीकडे सांडत होता आणि निम्म्या उतारावर येऊन विरत होता, मग मोठी निळी फट, आणि दरीवर एकावर एक रचलेले गुळगुळीत लेंटिक्युलर, म्हणजे लाटेचे भिंगाच्या आकाराचे ढग. त्यांच्या खाली फाटलेले, स्वतःभोवती वळणारे तुकडे. तो रोटर.

टो हा सगळ्यात कठीण भाग होता. एएसके २१ हे दोन सीटचं ग्लायडर, मागे इन्स्ट्रक्टर, कंट्रोल माझ्याकडे. ६,५०० च्या आसपास टो प्लेन एकदम माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि पुढच्या क्षणी पायाखाली, दोराला लांब बाक आला, मी हलक्या हाताने नाक बाजूला काढून तो ताणून घेतला, पट्टे मांडीत रुतले होते, व्हॅरिओचा (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या मीटरचा) काटा वर-खाली दोन्ही टोकांना आपटत होता. इन्स्ट्रक्टर फक्त एकदा म्हणाले, "बरोबर चाललंय, पंख बघ, दोराकडे बघू नकोस." आणि मग एका क्षणात सगळं थांबलं. आवाजसुद्धा बदलला. व्हॅरिओ वर ६ नॉट, स्थिर, स्टिकला बोट लावायचीही गरज नाही. दोर सोडला.

फ्लाइटची नोंद ठेवणाऱ्या लॉगरवर खालचा बिंदू ८,१०० आला. स्पीड ५० नॉट ठेवून नाक वाऱ्यात, ढगाच्या पुढच्या कडेच्या थोडं पुढे, आणि जमिनीवरचा तोच रस्ता, तेच शेत पंखाखाली तसंच. वर गेलो तसा वारा वाढला, जीपीएसवर ग्राउंड स्पीड १२ नॉट दिसायला लागला. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवायची, हवा विरळ असते म्हणून १८,००० ला काटा ६० नॉट दाखवतो तेव्हा खरा वेग ८० च्या घरात असतो आणि जास्तीत जास्त वेगाची मर्यादा उंचीबरोबर खाली येते, तो तक्ता पॅनलवर चिकटवलेला होता आणि मी दर दोन हजार फुटांना मोठ्याने वाचत होते, वाचतानाच माझं मलाही कळत होतं की डोकं जागेवर आहे. १७,४०० ला एअरब्रेक किंचित उघडून चढणं थांबवलं. ऑक्सिमीटर ९४. पश्चिमेला टाहो पूर्ण दिसत होता, कडेपासून कडेपर्यंत, पूर्वेला वॉकर लेकपर्यंत आणि त्याच्याही पुढे तपकिरी रांगांमागे रांगा, झाड नाही, गाव नाही. दक्षिणेला लेंटिक्युलरची ओळ सिएराच्या बाजूने जाईल तिथवर गेली होती. आम्ही त्या ओळीच्या पुढच्या कडेने थोडं दक्षिणेला जाऊन परत आलो, उंची जराही न गमावता.

अडीचच्या सुमाराला फट अरुंद व्हायला लागली. अजून अर्धी झाली नव्हती, पण इन्स्ट्रक्टरना म्हटलं की उतरूया. सावकाश उतरलो कारण गार पडलेला ग्लायडर घाईने गरम हवेत आणला तर वरच्या जेलकोटला, म्हणजे पृष्ठभागाच्या लेपाला, तडे जातात. खाली रोटर परत लागला, मग लँडिंगला आडवा वारा, आणि रनवेवर थांबल्यावर पाय बाहेर काढायला मला नवऱ्याची मदत लागली, इतके आखडले होते.

बुधवारी पहाटेच कळलं की आज नाही. जॉब्स पीक दिसतच नव्हतं, फट मिटलेली, सकाळच्या साउंडिंगमध्ये माथ्यापासून वरपर्यंत ओलावा. सिंगल सीटर भाड्याने घेतलेला तो कॅन्सल केला. किंग्जबरीवर चेन लावून दुपारी घरच्या रस्त्याला लागलो.

गोल्ड बाकी आहे, तो या फेब्रुवारीपासून, त्याच पद्धतीने, बॅग भरून. त्यानंतर डायमंड, त्यासाठी वेव्ह विंडोची पद्धत मिंडेनच्या लोकांकडून शिकून घेतेय आणि मास्क शोधतेय. लहान चेहऱ्याला हनुवटीपाशी नीट बसणारा, हवा न सुटणारा मास्क मला अजून मिळालेला नाही, मायक्रोफोनसकट असेल तर उत्तम. कोणी वापरला असेल तर कृपया कुठला ते कळवा.